युद्धानंतरचा लायबेरिया: खाणी, जमीन आणि परदेशी पैसा – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लायबेरिया हे नाव मराठी वाचकाला बहुधा तीन गोष्टींमुळे ओळखीचं असतं: जहाजांवरचा झेंडा, जॉर्ज वेआचा फुटबॉल आणि इबोला. चौदा वर्षांच्या यादवीतून उठलेल्या पश्चिम आफ्रिकेतल्या या छोट्या देशात गेल्या वीस वर्षांत लोहखनिज, पाम तेल, रबर आणि सोन्यासाठी जगभरच्या कंपन्या आल्या. त्यांत लक्ष्मी मित्तल यांची कंपनी होती, गोव्याची सेसाही होती. या विषयावर लिहायला लागल्यापासून मला तेच तेच प्रश्न येतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र देत आहे.

युद्ध कधी झालं आणि त्याचा परदेशी गुंतवणुकीशी काय संबंध?

२४ डिसेंबर १९८९ रोजी चार्ल्स टेलरची माणसं आयव्हरी कोस्टच्या हद्दीतून निम्बा काउंटीत घुसली. (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग.) १९९७ च्या निवडणुकीत टेलर स्वतःच राष्ट्राध्यक्ष झाला, १९९९ मध्ये पुन्हा लढाई पेटली, ११ ऑगस्ट २००३ ला तो पायउतार होऊन नायजेरियाला निघून गेला आणि आठवड्याभरात घानाच्या राजधानीत, आक्रामध्ये, शांतता करार झाला. मृतांचा आकडा अडीच लाखांपर्यंत सांगितला जातो.

संबंध मात्र त्याहून बराच जुना आहे. अमेरिकेतून आणून वसवलेल्या मुक्त गुलामांच्या वंशजांनी १८४७ पासून १९८० पर्यंत या देशावर राज्य केलं. क्पेले, ग्यो, मानो, क्रू अशा मूळ समाजांना त्यात नावापुरतीच जागा होती. १९२६ मध्ये फायरस्टोन कंपनीला रबर लागवडीसाठी १० लाख एकरांपर्यंत जमीन ९९ वर्षांसाठी मिळाली, भाडं एकरी ६ सेंट. दुसऱ्या महायुद्धानंतर राष्ट्राध्यक्ष टबमन यांनी परदेशी भांडवलाला दार सताड उघडलं. लोखंडाच्या खाणी, रेल्वे, बंदर असं सगळं आलं आणि आकड्यांत देश झपाट्याने वाढला. १९६६ मध्ये अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांच्या एका पाहणीने निदान केलं की इथे वाढ आहे, विकास नाही. पैसा खाणीतून बंदरावर आणि बंदरावरून बाहेर जात होता, वाटेतल्या गावांत तो थांबत नव्हता.

१४ एप्रिल १९७९ ला तांदळाच्या भाववाढीच्या प्रस्तावावरून राजधानी मन्रोव्हियात दंगल झाली. वर्षभरात सार्जंट सॅम्युएल डो याने सत्ता उलथवली. तिथून पुढची घसरण युद्धातच संपली. म्हणून युद्धानंतर ‘गुंतवणूक येऊ द्या, सगळं ठीक होईल’ असं कोणी म्हणालं, की मला टबमनचा काळ आठवतो. तेव्हाही गुंतवणूक आलीच होती.

युद्ध संपलं तेव्हा देशाच्या हाती काय उरलं होतं?

जवळजवळ काहीच नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत देशाचं उत्पन्न सुमारे ९० टक्क्यांनी घसरलं होतं. जगात कुठेही नोंदल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या घसरणींपैकी ही एक. मन्रोव्हियात सार्वजनिक वीज नव्हती, नळाला पाणी नव्हतं. एलेन जॉन्सन सरलीफ १६ जानेवारी २००६ ला पदावर आल्या (आफ्रिकेत निवडून आलेल्या पहिल्या महिला राष्ट्रप्रमुख), तेव्हा सरकारचं वर्षाचं अंदाजपत्रक होतं सुमारे ८ कोटी डॉलर. देशावरचं परदेशी कर्ज मात्र साडेचार अब्ज डॉलरच्या वर.

त्याच वर्षी २६ जुलैला, स्वातंत्र्यदिनी, राजधानीतल्या काही रस्त्यांवर दिवे लागले. तोवर मन्रोव्हियात एक अख्खी पिढी रस्त्यावरचा सरकारी दिवा न पाहता वाढली होती.

एवढं कर्ज फेडलं कसं?

फेडलं नाही, माफ झालं. त्यासाठी देशाला कठीण अटी मानाव्या लागल्या. २००५ मध्ये ‘जेमॅप’ नावाची व्यवस्था आली. तिच्याखाली मध्यवर्ती बँक, बंदर, विमानतळ अशा महत्त्वाच्या संस्थांत परदेशी तज्ज्ञ बसवले गेले आणि त्यांच्या सहीशिवाय पैसा हलेना. अनेक लायबेरियन लोकांना ही सार्वभौमत्वावरची जखम वाटली, आणि ते मला समजतं. पण संक्रमण काळातल्या (युद्ध संपल्यापासून सरलीफ येईपर्यंतच्या) सरकारने तिजोरी कशी हाताळली होती हे पाहता तेव्हा दुसरा मार्ग दिसत नव्हता. जून २०१० मध्ये अतिकर्जबाजारी गरीब देशांसाठीच्या योजनेचा शेवटचा टप्पा गाठला आणि जवळपास सगळं जुनं कर्ज पुसलं गेलं.

निर्बंधांचंही असंच. टेलर इमारती लाकूड आणि हिरे विकून शस्त्रं आणत असे, म्हणून संयुक्त राष्ट्रांनी दोन्हींवर बंदी घातली होती. सरलीफ यांनी आल्याबरोबर जंगलातले सगळे जुने तोड-परवाने रद्द केले. लाकडावरची बंदी २००६ मध्ये उठली, हिऱ्यांवरची २००७ मध्ये.

मित्तल यांच्या कराराबद्दल इतकं का बोललं जातं?

कारण युद्धोत्तर देश सौदा कसा करतो, आणि तो पुन्हा कसा करू शकतो, हे या एका करारात स्पष्ट दिसतं.

निम्बाच्या डोंगरात उत्तम प्रतीचं लोहखनिज आहे. १९६० च्या दशकात लॅमको या स्वीडिश-अमेरिकी भागीदारीतल्या कंपनीने तिथे येकेपा हे गाव वसवलं आणि येकेपापासून समुद्रकाठच्या बुकॅनन बंदरापर्यंत सुमारे २४० किलोमीटर रेल्वे टाकली. युद्धात खाण बंद पडली आणि रुळांवर रान माजलं. ऑगस्ट २००५ मध्ये, निवडणुकीला जेमतेम दोन महिने उरले असताना, संक्रमण सरकारने मित्तल स्टीलशी २५ वर्षांचा करार केला.

त्या कराराची कलमं वाचताना आजही त्रास होतो. रेल्वे आणि बंदर जवळजवळ कंपनीच्या मालकीचंच होणार होतं. करसवलत पाच वर्षांची, पण पुढे वाढवता येणारी. खनिज कंपनी आपल्याच दुसऱ्या कंपनीला विकणार आणि स्वामित्वधन (रॉयल्टी) ज्या भावावर मोजायचं तो भावही बराचसा तीच ठरवणार. मुख्य कंपनी मात्र जबाबदारीपासून लांब. ग्लोबल विटनेस या संस्थेने २००६ मध्ये हे सगळं जाहीरपणे मांडलं.

सरलीफ सरकारने करार फाडला नाही. तो पुन्हा टेबलावर आणला. २००६ च्या अखेरीस नवा मसुदा सही झाला: रेल्वे आणि बंदराची मालकी सरकारकडे आली, कंपनीकडे फक्त चालवण्याचा हक्क राहिला, खनिजाचा भाव बाजाराशी बांधला गेला, मुख्य कंपनीला हमी द्यावी लागली. निम्बा, बाँग आणि ग्रँड बासा या तीन काउंट्यांसाठी वर्षाला ३० लाख डॉलरचा विकासनिधीही होता. कंपनी निघून गेली नाही. उलट गुंतवणुकीचा जाहीर आकडा ९० कोटींवरून दीड अब्ज डॉलरवर गेला. ‘जास्त मागितलं तर गुंतवणूकदार पळून जाईल’ हे वाक्य मी अनेक देशांच्या संदर्भात ऐकलं आहे. लायबेरियाने ते खोटं ठरवलं, तेही तिजोरी रिकामी आणि वकील उसने असताना.

बुकॅननहून पहिलं जहाज सप्टेंबर २०११ मध्ये सुटलं.

मग अब्जावधी डॉलर आले, तरी देश गरीब कसा राहिला?

सरलीफ सरकारच्या काळात १६ अब्ज डॉलरची गुंतवणूक आकर्षित केल्याचा आकडा वारंवार सांगितला जाई. हा आकडा करारांवरचा होता. करारात लिहिलेले पैसे वीस-तीस वर्षांत, सगळं सुरळीत झालं तर, यायचे असतात.

सुरळीत झालं नाही. २०११ मध्ये टनाला १८० डॉलरच्या आसपास असलेलं लोहखनिज २०१५ च्या अखेरीस ४० डॉलरच्या घरात आलं. त्याच सुमारास, २०१४ मध्ये, इबोला आला. लायबेरियात सुमारे ४,८०० माणसं गेली. सीमा बंद, विमानं बंद, परदेशी ठेकेदार रातोरात परत. मित्तलच्या खाणीचा दुसरा टप्पा तिथेच अडकला आणि अनेक वर्षं अर्धवट पडून राहिला. २०१३ मध्ये ८ टक्क्यांच्या वर असलेला विकासदर पुढच्या वर्षी जवळपास शून्यावर आला.

शिवाय खाण पैसा खूप आणते, पण नोकऱ्या थोड्या. यंत्रं बाहेरची, अभियंते बाहेरचे, डिझेल बाहेरचं. २०२२ च्या जनगणनेत लोकसंख्या ५२ लाखांच्या वर गेली आहे. त्यांतल्या बहुतेकांचं पोट शेती, छोटा व्यापार आणि अमेरिकेतून नातेवाइकांनी पाठवलेल्या पैशावर चालतं. दारिद्र्यरेषेखाली अजून जवळपास निम्मे लोक आहेत.

पाम तेलाच्या मळ्यांवरून संघर्ष का झाला?

कारण जमीन रिकामी आहे असं मन्रोव्हियात गृहीत धरलं गेलं आणि ती रिकामी नव्हती.

२००९ मध्ये मलेशियाच्या साइम डार्बीला २ लाख २० हजार हेक्टर जमीन ६३ वर्षांसाठी देण्यात आली. पुढच्या वर्षी गोल्डन व्हेरोलियम या कंपनीशी तसाच मोठा करार झाला. नकाशावर हिरवा तुकडा दिसत होता. प्रत्यक्षात त्यात गावं होती, कसाव्याची आणि भाताची फिरती शेती होती, पूर्वजांच्या कबरी होत्या, आणि पोरो व सांदे या दीक्षासंस्थांची पवित्र वनंही होती. लोकांकडे सात-बारासारखा कागद नव्हता. जमीन कुळाची, आणि कुठल्या ओढ्यापासून कुठल्या कापूसवृक्षापर्यंत ती कोणाची, हे गावातल्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ. कायद्याच्या लेखी मात्र कागद नसलेली जमीन सरकारची.

बुलडोझर आले तेव्हा ग्रँड केप माउंट काउंटीतल्या गावकऱ्यांनी २०११ मध्ये थेट पाम तेलाच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणन संस्थेकडे तक्रार केली. ही हिंमत मला फार मोठी वाटते. कोर्टात न जाता, जिथे कंपनीचा ग्राहक ऐकतो तिथे ते गेले. काम थांबलं, वाटाघाटी झाल्या. साइम डार्बीला शेवटी १० हजार हेक्टरांच्या आसपासच लागवड करता आली, आणि २०२० मध्ये ती सगळा पसारा एका स्थानिक कंपनीला नाममात्र १ डॉलरला देऊन बाहेर पडली. यात गावंही हरली. शेती गेली होती आणि आशा दाखवलेल्या नोकऱ्याही पुरेशा आल्या नाहीत.

जंगलात याहून वाईट घडलं. २०१० ते २०१२ या काळात ‘खासगी वापर परवाने’ नावाच्या पळवाटेने सुमारे २५ लाख हेक्टर, म्हणजे देशाचा जवळपास चौथा हिस्सा, लाकूडतोडीसाठी वाटला गेला. अनेक परवान्यांमागची कागदपत्रं बनावट निघाली. २०१३ च्या सुरुवातीला ते रद्द करावे लागले.

या सगळ्या भांडणांतून २०१८ चा जमीनहक्क कायदा आला. कागद नसला तरी परंपरेने वापरातली जमीन समाजाची मानावी, आणि त्यांच्या संमतीशिवाय ती कुणाला देऊ नये, असं तो म्हणतो. युद्धानंतरच्या वीस वर्षांत लायबेरियाने केलेलं हे सर्वांत मोलाचं काम आहे असं माझं मत आहे. सीमा मोजून हद्दी निश्चित करण्याचं काम मात्र फार संथ चाललं आहे.

गोव्याचा काय संबंध?

सरळ आणि ठळक संबंध आहे. २०११ मध्ये सेसा गोवाने वेस्टर्न क्लस्टर या लोहखनिज प्रकल्पातला ५१ टक्के हिस्सा सुमारे ९ कोटी डॉलरला घेतला आणि पुढच्या वर्षी उरलेलाही. त्या काळात कर्नाटकातल्या खाणींवर सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली होती आणि २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणीही थांबल्या. घरचं खनिज अडलं तेव्हा कंपनीने बाहेर पाय पसरले होते. पण भाव कोसळले, इबोला आला, आणि ताळेबंदात त्या प्रकल्पाची किंमत उतरवावी लागली. काम २०२२ मध्ये बोमी इथून पुन्हा सुरू झालं.

बोमी हे नाव लायबेरियात वजनदार आहे. १९५१ मध्ये देशाचं पहिलं लोहखनिज इथूनच निर्यात झालं. ती जुनी खाण बंद झाल्यावर खड्ड्यात पाणी साचलं आणि आज टबमनबर्गजवळ त्याचा निळाशार तलाव आहे. लोक तिथे सहलीला जातात. गोव्यात डिचोली-सांगे भागात सोडून दिलेल्या खाणींचे पाण्याने भरलेले खड्डे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना तो तलाव वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

भारतीय महिला पोलिसांबद्दल ऐकलं होतं, ते खरं का?

हो. जानेवारी २००७ मध्ये केंद्रीय राखीव पोलीस दलाची महिलांची तुकडी संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेत मन्रोव्हियात दाखल झाली. शांतिमोहिमेतली ती जगातली पहिली महिला पोलीस तुकडी. २०१६ पर्यंत एकामागून एक तुकड्या तिथे राहिल्या. रात्रीची गस्त सुरू झाली की बाजार उशिरापर्यंत उघडा राहतो. बाजारात बसणाऱ्या बायकांच्या उत्पन्नाशी याचा थेट संबंध आहे.

वीज आता आहे का?

आहे, पण महाग आणि बेभरवशाची. सेंट पॉल नदीवरचं माउंट कॉफी जलविद्युत केंद्र १९९० मध्ये युद्धात निकामी झालं. ते २०१६ च्या डिसेंबरात पुन्हा फिरलं. क्षमता ८८ मेगावॉट, आणि कोरड्या महिन्यांत नदी आटली की फारच कमी. वीजचोरी आणि गळती इतकी की अर्ध्याहून जास्त विजेचे पैसेच येत नसत. आता शेजारच्या आयव्हरी कोस्टमधून उच्चदाबाच्या वाहिनीने वीज येते. कारखाना काढायचा म्हणणाऱ्याने करसवलतीआधी जनरेटरच्या डिझेलचा हिशोब करावा.

परदेशी माणसाला तिथे जमीन किंवा नागरिकत्व मिळतं का?

नाही. लायबेरियाच्या राज्यघटनेनुसार नागरिकत्व फक्त कृष्णवर्णीय वंशाच्या व्यक्तीलाच मिळतं आणि जमीन फक्त नागरिकालाच घेता येते. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेले लेबनीज आणि भारतीय व्यापारीही भाडेपट्ट्यावरच दुकानं चालवतात. हे ऐकून आपल्याकडचे लोक चिडतात. पण गुलामगिरीतून आलेल्या माणसांनी, गोऱ्यांच्या वसाहतींनी वेढलेल्या किनाऱ्यावर, आपली भूमी हातातून जाऊ नये म्हणून हे कलम घातलं होतं. आज त्याची गरज आहे का, यावर तिथेच जोरात वाद चालू आहे.

छोटे धंदेही राखीव आहेत. २०१० च्या गुंतवणूक कायद्यात १६ व्यवसाय फक्त लायबेरियन नागरिकांसाठी ठेवले आहेत: वाळूपुरवठा, सिमेंटच्या विटा, बर्फ, टायर दुरुस्ती, टॅक्सी, पेट्रोल पंप, तांदूळ आणि सिमेंटची किरकोळ विक्री वगैरे. आणखी काही व्यवसायांत परदेशी माणसाला किमान ५ लाख डॉलर, किंवा स्थानिक भागीदार घेतल्यास ३ लाख डॉलर गुंतवावे लागतात. कुणी एजंट ‘थोडे पैसे टाका, दुकान काढून देतो’ म्हणत असेल, तर आधी हा कायदा बघा.

साधी माणसं सावरली कशी?

मोटारसायकलवर. युद्धानंतर एक लाखाहून अधिक लोकांनी निःशस्त्रीकरणात नाव नोंदवलं. त्यांतल्या कितीतरी तरुणांनी पुढे दुचाकी टॅक्सी चालवायला घेतली. तिला तिथे ‘पेन-पेन’ म्हणतात आणि तीनचाकीला ‘केके’. या गाड्यांतल्या पुष्कळशा भारतात बनलेल्या असतात. ज्या हातात बंदूक होती त्या हातात हँडल आलं, आणि ते परदेशी कंपन्यांशी झालेल्या कुठल्याही करारात लिहिलेलं नव्हतं.

बाजारातल्या बायका ‘सुसू’ चालवतात. सुसू म्हणजे आपली भिशी: दर आठवड्याला ठरलेली रक्कम, पाळीपाळीने एकीच्या हातात सगळा पैसा. बँका बंद होत्या तेव्हाही सुसू चालू होती.

रेल्वेचा वाद काय आहे?

निम्बाचा डोंगर सीमेपलीकडे गिनीतही जातो. तिथलं खनिज समुद्रापर्यंत न्यायचं तर गिनीच्या बंदरापेक्षा बुकॅनन कितीतरी जवळ. म्हणजे येकेपाची तीच रेल्वे. मित्तलच्या कंपनीला तिच्यावर आपला ताबा हवा होता, कारण विस्तारावर मोठा खर्च तीच करत होती. गिनीच्या बाजूने येणाऱ्या दुसऱ्या कंपनीला समान वाटा हवा होता. २०२१ मध्ये सही झालेला सुधारित करार संसदेत याच मुद्द्यावर अडकला. २००६ मध्ये रुळांची मालकी सरकारने परत घेतली नसती, तर या वादात लायबेरियाला बोलायला जागाच उरली नसती.

हे करार आपल्याला वाचायला मिळतात का?

मिळतात. लायबेरियाने २००९ मध्ये कायदाच केला की खाण, तेल, जंगल आणि शेती या चारही क्षेत्रांतले करार आणि कंपन्यांनी भरलेले पैसे जाहीर करायचे. शेती आणि जंगल यात धरणारे देश जगात फार थोडे. याच व्यवस्थेखाली २०१३ मध्ये ६८ करारांची तपासणी झाली, आणि बहुतेक सगळे करार देताना कायद्याची प्रक्रिया पाळली नव्हती असं उघड झालं. सरकारने स्वतःच्याच विरोधात जाणारा तो अहवाल दाबला नाही, छापला. वाचायला सुरुवात करणार असाल तर मित्तलचा २००५ चा आणि २००६ चा करार शेजारी शेजारी ठेवा, आणि आधी रेल्वे-बंदराचं कलम काढा.